पालथा सन्मती आणि पाणबुडी बाई

“आधी उत्तर आणि मग प्रश्न? राजुल, अगं कुठून वाचाय लागलीस तू?” सन्मती जमिनीकडं तोंड करून ओरडला.

“डावीकडून. जिथून सगळं जग वाचतं तिथून.”

“तरीच! उजवीकडून वाच. जपानी चित्रगोष्ट आहे ही, मांगा. मांगा उजवीकडून वाचायचा असतो. उजवं पान आधी, उजवी चौकट आधी, चौकटीतला उजवा फुगा आधी. ती म्हातारी म्हणते ‘ते गेले’, आणि मग पोरगी विचारते ‘बाबा कुठं आहेत?’ असं कुठं असतं का?”

मला तोवर वाटत होतं, म्हातारी फारच फटकळ दिसतेय. मी निमूटपणे वरच्या उजव्या कोपऱ्यातून परत सुरुवात केली, तर गोष्ट एकदम सुतासारखी सरळ झाली. पोरीनं विचारलं, म्हातारीनं सांगितलं, पोरगी गप्प बसली. पण हार मानेन तर ती मी कसली! “सरळ गोष्ट उलटी छापायची, आणि वर दुसऱ्यालाच शहाणपणा शिकवायचा,” असं पुटपुटत मी पुढं वाचायला लागले.

सन्मती माझा मावसभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. आम्ही सांगलीला, ते जयसिंगपूरला सहाव्या गल्लीत. लहानपणापासून आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यात दोघांनाही चित्रांतल्या गोष्टींचं वेड लागलं, त्याला जपानी मांगाचं आणि मला अमेरिकन, युरोपी कॉमिक्सचं, मग तर विचारायलाच नको. लग्नात, बारशात, अगदी देवदर्शनाला गेल्यावर जैन बस्तीच्या कट्ट्यावरसुद्धा आमची जुंपायची. तो म्हणायचा, “तुमचा हिरो या महिन्यात मरतो आणि पुढच्या महिन्यात दात घासून परत येतो. आणि ते रंग! त्यापेक्षा बालवाडीच्या भिंती बऱ्या.” मी म्हणायची, “तुमच्या माणसांचे डोळे बशीएवढे, आणि एक बुक्की मारायला त्यांना अख्खं पुस्तक लागतं.” गंमत म्हणजे एकमेकांच्या पुस्तकाचं एक पानही दोघांनी कधी उलटलेलं नव्हतं. न वाचता भांडायला जो जोर येतो, तो वाचून थोडाच येतो!

आता मीच त्याच्या खाटेशेजारी मांडी घालून त्याचा मांगा वाचत होते, याला कारण त्याचा डोळा. उजवा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. डाव्यावर सगळी भिस्त. दिवाळीच्या सुमाराला त्या डोळ्यात एका कडेनं काळी सावली सरकायला लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून या शहाण्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा निम्मं जग झाकलं गेलं होतं. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी ऑपरेशनला घेतलं. डोळ्याच्या आतला, मागच्या बाजूचा पडदा सुटला होता. त्यांनी तो परत बसवला, तो जागेवर चिकटून राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला, आणि सांगितलं, आता दिवसरात्र पालथं राहायचं. बुडबुडा वर चढतो, तेव्हा तोंड खाली असलं तरच तो पडद्याला टेकतो.

“पण दिसेल ना हो त्याला?” मावशीनं विचारलं.

“पडदा बसलाय. मधला भाग किती जगलाय ते बुडबुडा विरत जाईल तसं कळेल,” बाई म्हणाल्या. 

मावशीनं नवारीच्या खाटेची डोक्याकडची एक पट्टी सोडून भोक केलं. त्या भोकात तोंड घालून सन्मती पालथा पडून असायचा. डोळ्यावर पट्टी. चहासुद्धा खाटेखाली पेला धरून नळीनं प्यायचा. मावसा दोन वर्षांपूर्वी वारलेले, मावशी एकटी, म्हणून आईनं मला कॉलेज बुडवून पाठवलं. मी आले तेव्हा मावशीचा सगळा राग पुस्तकांवर निघाला होता. “त्या बारक्या बारक्या चित्रांनीच डोळा खाल्ला माझ्या लेकराचा,” असं म्हणून तिनं त्याचे सगळे मांगा जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकले होते. पुस्तकांचा काही संबंध नाही, असं बाईंनी स्वतः सांगितलं होतं. पण मावशीला कुणावर तरी राग काढायलाच हवा होता.

एकच पुस्तक तिच्या तावडीतून सुटलं होतं. एका लांबलचक गोष्टीचा शेवटचा भाग, ऑपरेशनच्या आठवड्यात पोस्टानं आलेला. सन्मतीनं तो उशीच्या अभ्र्यात लपवला होता.

“मला शेवट कळला पाहिजे, राजुल,” पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला. “कितीतरी वर्षं त्या पोरीबरोबर चालतोय मी. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

असं कुणी म्हटल्यावर भांडायचं तरी कसं? मी अभ्र्यात हात घातला.

गोष्ट एका घंटा ओतणाऱ्याच्या मुलीची होती. डोंगरापलीकडच्या गावाला कबूल केलेली घंटा बापानं ओतली आणि तो वाटेत वारला. आता ती मुलगी एकटी ती घंटा घसरगाडीवर ओढत बर्फातून नेत असते. पुस्तक इंग्रजीत, मी वाचून मराठीत सांगायची. फुग्यातलं बोलणं संपलं की पान उलटायचं, असा माझा सपाटा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं.

“का थांबलीस?” सन्मतीनं विचारलं.

“थांबले कुठं? इथं काही लिहिलेलंच नाही. पुढं कुणी बोलायला लागलं की सांगते.”

“लिहिलेलं नाही म्हणजे तिथं काही नाही का? मागं ये. काय आहे ते सांग मला.”

“काय असणार? बर्फ आहे.”

“किती?”

“आता बर्फ काय मापट्यानं मोजू?”

तो चिडला नाही. खालच्या खाली, हळू म्हणाला, “राजुल, पानावर काळं किती आहे आणि पांढरं किती उरलंय, तेवढं सांग. बाकीचं मी बघतो.”

मी पुस्तक मांडीवर नीट उघडं धरलं आणि पहिल्यांदा त्या पानाकडं बघितलं. तोवर मी फक्त वाचत होते. दोन्ही पानं मिळून एकच चित्र होतं. आणि चित्र तरी कुठं होतं? खाली डाव्या कोपऱ्यात तिळाएवढी ती मुलगी, तिच्यामागं घंटेचा ठिपका, आणि तिच्या पावलांची एक बारीक रेघ उजवीकडून आलेली. बाकी काहीच नाही. डोंगराची कड नाही, ढग नाही, सावली नाही.

“पान कोरं आहे,” मी म्हणाले. “म्हणजे… सन्मती, त्यानं बर्फ काढलेलाच नाही. कागद सोडून दिलाय नुसता. आणि तरी बर्फच दिसतोय रे. नुसता कागद, आणि मला थंडी वाजतेय.”

खरंच माझ्या अंगावर काटा आला होता. मला रंगांची सवय. माझ्या कॉमिक्समध्ये बोटभर जागा मोकळी सुटलेली नसायची. एक रेघही न ओढता कुणी एवढा मोठा डोंगर उभा करू शकतं, हे माझ्या गावीही नव्हतं. मी त्या पानावरून हात फिरवला.

“पोरगी कुठल्या बाजूला बघतेय?” सन्मतीनं विचारलं.

“डावीकडं. म्हणजे पुढं.”

“मान वर आहे की खाली?”

मी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. एवढ्याशा ठिपक्याला मान कुठली, असं वाटलं होतं, पण होती. “वर,” मी म्हणाले.

“मग पोचेल,” तो म्हणाला.

त्यानंतर माझं वाचणं बदललं. एका पानाला पाव पाव तास लागायला लागला. रेघ जाड आहे की बारीक, चौकट उभी आहे की आडवी, कुठं काळं ओतलंय, कुठं नुसत्या रेघा मारल्यात, सगळं सांगायची. तो ऐकून मध्येच म्हणायचा, “थांब, अजून उलटू नकोस, बघतोय मी.” पट्टी बांधलेला, पालथा पडलेला माणूस ‘बघतोय’ म्हणायचा आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून मावशी घाईनं भाकरी थापत होती. मी पुस्तक मिटलं.

“मग? त्या नदीवरचा बर्फ फुटला की काय?” आतून आवाज आला.

आम्ही दोघं चाट. मावशी पिठाच्या हातांनी दारात उभी. “एवढी जड घंटा आहे म्हणून विचारलं,” ती ओशाळून म्हणाली, आणि भाकरी करपल्याचं निमित्त करून आत पळाली. दुसऱ्या दिवशीपासून तांदूळ निवडायचे असोत की शेंगा फोडायच्या असोत, तिचं सूप खाटेजवळच असायचं. मात्र तोंडानं म्हणायची, “कधी संपायचं बाई हे खूळ!”

शेवटचं प्रकरण आलं तेव्हा सन्मतीनं मला थांबवलं.

“बास. हे नको सांगू.”

“अरे, यासाठीच तर सगळं चाललंय.”

“हे मी स्वतः बघणार.”

मी काही बोलायच्या आत मावशीनं सूप खाली ठेवलं. तिघांच्याही मनात एकच प्रश्न होता. दिसेल का? मीही पुस्तक मिटलं. शेवटची पानं माझ्या हातात होती, नुसतं बोट सरकवलं असतं तरी दिसली असती. पण त्याच्याआधी बघायचं माझ्या मनाला पटेना.

पालथं पडून राहणं अजून संपलं नव्हतं आणि वाचायला तर काही उरलं नव्हतं. अर्धा दिवस तळमळून तो म्हणाला, “तुझं ते आणलंयस का? रंगीबेरंगी?”

“कोण विचारतंय? सन्मतीराव का?”

“वेळ जाईना म्हणून. उगाच हुरळून जाऊ नको.”

माझ्या पिशवीत एक होतंच. मोठ्या आकाराचं, जाड पुठ्ठ्याचं युरोपी पुस्तक. समुद्रात बुडालेल्या जहाजांचा तपास लावणाऱ्या एका पाणबुडी बाईची गोष्ट. मी वाचायला सुरुवात केली, डावीकडून, अगदी मानानं. पहिल्या चौकटीतच त्यानं अडवलं.

“तिचा पोशाख कसला आहे?”

“नारिंगी.”

“कसला नारिंगी? गाजराचा की झेंडूचा?”

मी बघितलं. “झेंडूचा. पण खांद्यावर जुना झालेला, विटका. आणि पाण्याचा हिरवा त्याच्यावर पडलाय.”

“पाणी हिरवं?”

“वर हिरवं. ती खाली जाईल तसं निळं होत जातं. पुढच्या पानावर जांभळं. आणि तळाला…” मी थांबले. ते पुस्तक मी कितीतरी वेळा वाचलं होतं, आणि रंग असा पायरीपायरीनं उतरत जातो हे मला त्या क्षणी दिसलं. गोष्टीत कुणी म्हणत नाही की बाई खोल चाललीय. नुसता रंगच सांगतो. “तळाला जवळजवळ काळं, सन्मती. फक्त तिच्या दिव्याचा पिवळा.”

 मला वाटलं, झोपला. मग खाटेखालच्या फरशीवर टपकन थेंब पडला.

“मी कधी रंगांकडं बघितलंच नाही गं,” तो म्हणाला. “रेघ बघायचो. माणसं बघायचो. रंग काय, असतोच, असं वाटायचं. आता जांभळा डोळ्यांपुढं आणायला जातो तर धड येत नाही. भीती वाटाय लागलीय मला, राजुल.”

त्या दिवसांत भीतीचा शब्द त्यानं पहिल्यांदा उच्चारला.  मावशी उठली, खाटेच्या काठावर बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून मला म्हणाली, “तू वाच. थांबू नको.” मी पुढचं पान सांगितलं, एकेक रंग निवडून निवडून, गाजर, हळद, मोरपीस, जे सुचेल ते.

मग पट्टी निघाली. बाईंनी त्याला उठून बसायची परवानगी दिली. मावशी आणि मी शेजारी उभ्या. त्यानं डोळा उघडला, इकडंतिकडं फिरवला.

“पाणी आहे,” तो म्हणाला. “सगळं पाणीच आहे. हलतंय. पुढं काही नाही.”

“तो बुडबुडा आहे. त्याच्यातून असंच दिसणार,” बाई म्हणाल्या. “तो लहान होत जाईल. घाई करू नका.”

घाई करू नका म्हणणं सोपं असतं. घरी सन्मती भिंतीला टेकून नुसता बसून राहायचा. मावशी रोज सकाळी विचारायची, “काय दिसतंय का रे?” आणि तो मान हलवायचा. मी त्याला वाचून दाखवू का विचारलं तर नको म्हणाला. माझं त्याच्याशी भांडायलाही मन होईना.

एका सकाळी तो एकदम ताठ बसला.

“वर पट्टी आहे,” तो म्हणाला.

“कसली पट्टी?”

“अगदी वर, कपाळाच्या खाली. बारीक. तिथलं पाणी गेलंय. तिच्याकडं बघायला गेलं की ती वर पळते. पण समोर बघितलं की असते.” त्यानं बोट वर केलं. “तिच्यात पितळी भांडी दिसतायत, आई. माळ्यावरची.”

फोनवर बाईंनी सांगितलं, बरोबर आहे. बुडबुडा विरतो तसं वरून मोकळं होत येतं. मध्ये एक आडवी रेघ दिसेल, आणि ती रोज थोडी खाली सरकेल. रेघ नजरेच्या मध्याखाली आली की तो ज्याच्याकडं बघेल ते दिसायला हवं. खरी परीक्षा तेव्हा.

आणि मग जे सुरू झालं, त्यासारखं मी आयुष्यात परत काही पाहिलं नाही. आम्ही दोघं डावीकडून वाचायचं की उजवीकडून यावर भांडलो होतो, आणि जग आलं ते वरून. रोज थोडं थोडं. आधी माळा. मग तुळई. मग पंखा. मग दिनदर्शिकेवरच्या तीर्थंकरांचा माथा. सन्मती सकाळी उठून समोर बघत बसायचा आणि आम्हाला सांगायचा, आज काय काय आलं ते. मी त्याच्या समोर उभी राहायची. “तुझा भांग आला,” असं तो एके दिवशी म्हणाला, आणि नंतर, “भुवया आल्या. तू कपाळाला आठ्या घालून बघतेयस होय माझ्याकडं?” मावशी समोर आली तेव्हा तो म्हणाला, “आई, केस केवढे पांढरे झालेत गं तुझे.” मावशीनं पदर डोक्यावर ओढला आणि हसायला लागली. हसता हसता रडली. मी त्या घरात रोज उठून बघत होते ते छप्पर, ती भांडी, तो पंखा. पण त्याच्या तोंडून ऐकताना वाटायचं, हे आत्ता, या मिनिटाला, कुणीतरी नव्यानं काढतंय.

अजून मात्र बघायला गेलं की सगळं पळत होतं. कडेचं दिसत होतं, नेमकं समोरचं नाही. मधला भाग जगलाय की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. रेघ रोज थोडी खाली येत होती.

त्या दिवशी दुपारी मावशी आत भाकरी थापत होती. सन्मती खिडकीजवळ बसला होता. मी समोर.

“राजुल,” तो म्हणाला, “रेघ मध्यावर आली. खाली गेली.”

“मग? मी दिसते का?”

“थांब. तुझ्याकडं नको. पुस्तक दे.”

मी धावत जाऊन अभ्र्यातून त्याचा मांगा काढला, शेवटच्या प्रकरणाशी उघडला, उजवीकडून, आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं तो हातात घेतला आणि मिटून बाजूला ठेवला.

“हे नको. तुझं दे.”

“अरे, तुझा शेवट! एवढे दिवस कशासाठी…”

“शेवट कुठं पळून जातोय? काळं-पांढरं मी पट्टीतूनसुद्धा बघितलं की. तू सांगत होतीस आणि मी बघत होतो. रंग नाही बघता आले मला. ते दे.”

मी माझं पुस्तक आणलं.  त्यानं उघडलं, मधलंच कुठलंतरी पान. मान खाली घातली. आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

कितीतरी वेळ तो नुसता बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्याची बुबुळं हलत होती, थांबत होती, परत हलत होती. 

मग त्यानं बोट पानावर टेकवलं.

“नारिंगी,” तो म्हणाला.

मी होकार दिला की नाही, आठवत नाही. बोट सरकलं.

“हिरवा. हा हिरवा. हा निळा. रेघा जरा वाकड्या दिसतायत, पण निळा आहे.” बोट आणखी खाली उतरलं. “हा दुसरा निळा. आणि हा, राजुल, हा जांभळा.”

तो गोष्ट वाचतच नव्हता. एका कडेनं नुसते रंग सांगत होता, मूल पहिल्यांदा अक्षरं लावून वाचतं तसा, मोठ्यानं, एकही न सोडता. प्रत्येक रंग बरोबर होता. मी तोंडावर हात दाबून बसले होते. आयुष्यात मी कितीतरी पुस्तकं वाचली, पुढं पुस्तकांचं दुकान काढलं, मांगावाले आणि कॉमिक्सवाले तिथं रोज वाद घालतात. पण एखादं पान कुणी इतक्या आदरानं वाचलेलं मी परत ऐकलं नाही.

पानाचा शेवटचा कोपरा आला. “पिवळा,” तो म्हणाला. “दिव्याचा.” आणि बोट तिथंच ठेवून तो थांबला.

मावशी केव्हा येऊन त्याच्या पाठीमागं उभी राहिली होती, आम्हाला कळलं नव्हतं. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले, गालांवरून पाण्याचे ओघळ. ती वाकली आणि त्याच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावली.

“उलट की रे पान,” ती म्हणाली. “मलाही बघू दे.”